खर्चाचा हुकूम आणि पुनःपुन्हा दावे दाखल करण्यावरील निर्बंध

दिवाणी दाव्यात हरलेल्या पक्षाने जिंकलेल्या पक्षाचा न्यायालयीन खर्च भरून द्यावा, असा जो आदेश निकालासोबत दिला जातो तो खर्चाचा हुकूम. हरल्यानंतरही तोच तंटा नव्या नावाने किंवा दुसऱ्या न्यायालयात उकरून काढणाऱ्याला रोखण्याचे उपाय ही त्यापुढची पायरी. भारतात दोन्हींचा मुख्य आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हा आहे. महाराष्ट्रात १९७१च्या एका स्वतंत्र अधिनियमाची त्याला जोड आहे.

संहितेच्या कलम ३५नुसार खर्च कोणी, किती आणि कोणत्या मालमत्तेतून द्यायचा हे न्यायालय ठरवते. हरणाऱ्यावर खर्च बसवायचा नसेल तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. म्हणजे खर्च बसवणे हा नियम आणि सूट हा अपवाद. व्यवहारात मात्र ‘ज्याचा खर्च त्याने सोसावा’ एवढ्यावर निकाल संपवण्याची सवय खोल रुजली. खर्च मिळालाच तर त्यात कोर्ट फी, साक्षीदारांचा भत्ता आणि नियमांनी ठरवलेली वकील फी धरली जाते. प्रत्यक्षात वकिलाला दिलेले पैसे, तारखेपायी बुडालेली मजुरी, तालुक्याच्या गावी घातलेले हेलपाटे यांचा हिशेब सहसा होत नाही. त्यामुळे दावा जिंकूनही माणूस कर्जात राहू शकतो, आणि खोटा दावा लांबवत नेणाऱ्याला त्याची फारशी झळ बसत नाही.

खोट्या किंवा निव्वळ त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्यासाठी १९२२मध्ये कलम ३५-अ आले. दावा खोटा असल्याची हरकत प्रतिवादीने लवकरात लवकर घेतलेली असेल आणि ती खरी ठरली, तर न्यायालय त्याला भरपाईदाखल खर्च देववू शकते. मात्र अपील आणि पुनरीक्षण या तरतुदीबाहेर आहेत. शिवाय भरपाईची कमाल मर्यादा ३,००० रुपये आहे. १९७६च्या दुरुस्तीने ती १,०००वरून इथवर आणली आणि तिथेच ती थांबली. त्याच दुरुस्तीतील कलम ३५-ब जास्त उपयोगी आहे. विनाकारण तहकुबी मागणाऱ्यावर बसवलेला खर्च पुढच्या तारखेला भरला नाही, तर त्याला दावा किंवा बचाव पुढे चालवता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या तुटपुंजेपणावर वारंवार बोट ठेवले आहे. सेलम ॲडव्होकेट बार असोसिएशन प्रकरणात (२००५) खर्च वाजवी आणि वास्तव असावा असे सांगितले. रामरामेश्वरी देवी प्रकरणात (२०११) वर्षानुवर्षे रेंगाळवलेल्या दाव्यात २ लाख रुपयांचा खर्च बसवला. तरीही न्यायालयाला नियमांची चौकट ओलांडता येत नाही. विनोद सेठ प्रकरणात (२०१०) वादीने हरल्यास २५ लाख रुपये देण्याची हमी आधीच लिहून द्यावी, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. तो निर्णय योग्यच होता. एवढ्या रकमेच्या धाकाने खरा हक्क असलेला गरीब माणूसही कोर्टाची पायरी चढणार नाही. संजीवकुमार जैन प्रकरणात (२०११) न्यायालयाने कलम ३५-अची मर्यादा १ लाख रुपयांपर्यंत नेण्याची सूचना केली.

वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ने व्यापारी वादांपुरती ही कोंडी फोडली. तिथे ३,००० रुपयांची मर्यादा काढली आहे. खर्च ठरवताना पक्षांचे वर्तन आणि तडजोडीचा वाजवी प्रस्ताव विनाकारण नाकारला गेला का, हेही पाहिले जाते. कंपन्यांच्या करारभंगाच्या वादांना मिळालेले हे संरक्षण शेताच्या बांधावरून किंवा घराच्या वाटणीवरून चाललेल्या दाव्याला नाही. खोट्या दाव्याने संसार मोडतो तो मात्र अशाच ठिकाणी.

एकदा निकाली निघालेला मुद्दा त्याच पक्षांना पुन्हा उपस्थित करता येत नाही, हे प्राङ्न्यायाचे तत्त्व दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११मध्ये आहे. आधीच्या दाव्यात जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तोही निकाली निघाला असे धरतात. ज्याच्याकडून हक्क आला त्याच्याविरुद्धचा निकाल वारसाला आणि खरेदीदारालाही बांधतो. त्यामुळे नुसते नाव बदलून दावा लावता येत नाही. परवानगी न घेता दावा काढून घेतला, तर त्याच कारणावरून नवा दावा करता येत नाही. या अटी प्रत्येक दाव्यापुरत्या असतात. न्यायालये आणि प्रतिवादी बदलत राहणाऱ्या माणसाला त्या एकट्या पुरत नाहीत.

अशा माणसासाठी वेगळा कायदा प्रथम इंग्लंडमध्ये १८९६ साली झाला. अलेक्झांडर चाफर्स या सॉलिसिटरने अनेक बड्या व्यक्तींवर दाव्यांचा भडिमार केला होता, हे त्याचे निमित्त. भारतात मद्रास प्रांताने १९४९मध्ये तसा कायदा केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६५मध्ये तो वैध ठरवला. ‘महाराष्ट्र व्हेक्सेशस लिटिगेशन (प्रिव्हेन्शन) ॲक्ट, १९७१’ याच धर्तीवर आहे. एखादी व्यक्ती सवयीने आणि वाजवी कारणाशिवाय दिवाणी किंवा फौजदारी प्रकरणे दाखल करते आहे, असा अर्ज महाधिवक्ता उच्च न्यायालयात करतात. त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकल्यानंतरच आदेश होतो, आणि तिला वकील परवडत नसेल तर न्यायालय तो देऊ शकते. आदेशानंतर पूर्वपरवानगीशिवाय तिला नवे प्रकरण दाखल करता येत नाही, आणि आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. म्हणण्यात प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर परवानगी मिळते. दार कायमचे बंद होत नाही.

विधी आयोगाने २००५मधील १९२व्या अहवालात संपूर्ण देशासाठी असाच कायदा सुचवला होता, पण संसदेने तो केलेला नाही. त्यामुळे जिथे राज्याचा कायदा नाही, तिथे अशा दाव्यांविरुद्ध दिवाणी प्रक्रिया संहितेतील तरतुदी आणि न्यायालयाचे अंगभूत अधिकार यांवरच भिस्त ठेवावी लागते.