गुरुत्वलहरी ओळखायला शिकवणारं पुण्याचं 'आयुका'

गाणं ओळखणारं अ‍ॅप तुम्ही वापरलंच असेल. हॉटेलच्या गोंगाटातही ते काही सेकंदांत गाण्याचं नाव सांगतं, कारण गाण्यांचे नमुने त्याच्याकडे आधीच साठवलेले असतात. गुरुत्वलहरी शोधायलाही साधारण हीच युक्ती लागते. ती घडवण्यात पुण्याच्या 'आयुका'चा मोठा वाटा आहे.

आयुका म्हणजे काय?

आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये ते पुणे विद्यापीठाच्या आवारात सुरू केलं. संस्थापक संचालक होते डॉ. जयंत नारळीकर. इमारतींची रचना चार्ल्स कोरिया यांची. नावातला 'आंतरविद्यापीठीय' हा शब्द महत्त्वाचा, कारण देशभरातल्या विद्यापीठांतले आणि कॉलेजांतले शिक्षक, विद्यार्थी इथे येऊन संशोधन करू शकतात. प्रत्येक कॉलेजला महागडी साधनं परवडत नाहीत, मग ती एकत्र वापरायची, असा हा सरळ हिशोब.

लहरी पकडायच्या कशा?

दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत धडकली की अवकाशात तरंग उठतात. पृथ्वीपर्यंत येताना ते इतके क्षीण होतात की ४ किलोमीटरच्या नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या शेकडो पटींनी कमी इतकीच बदलते. उपकरणाच्या खरखरीत तो संकेत बुडून जातो.

रडारमध्ये नमुना जुळवण्याची पद्धत आधीपासून होती. आयुकात संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासोबत १९९१ मध्ये ती गुरुत्वलहरींसाठी कशी वापरायची, त्यासाठी कोणते आणि किती नमुने लागतील, हे मांडलं. तेव्हा लायगोच्या वेधशाळा उभ्याही राहिल्या नव्हत्या! १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोने पहिली लहर टिपली, तेव्हा तो संकेत खरा आहे याची खात्री करायला नमुने जुळवण्याची पद्धतच कामी आली.

आता पुढे काय?

वेधशाळा जितक्या दूरदूर, तितकी लहर आकाशात कुठून आली ते नेमकं कळतं. म्हणून हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. आयुका या प्रकल्पातली एक प्रमुख संस्था आहे.

नगरकरांसाठी आणखी जवळची गोष्ट. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. खूप लांब तरंगांच्या गुरुत्वलहरींचा जो पुरावा २०२३ मध्ये जाहीर झाला, त्यात तिच्या निरीक्षणांचाही वाटा होता.

थोडक्यात, यंत्र हातात नसताना इथल्या लोकांनी शोधायची पद्धत तयार केली. आता यंत्रही येतंय. ते चालवायला लेसर, इलेक्ट्रॉनिक्स, सॉफ्टवेअर आणि फिजिक्स जाणणारी माणसं लागतील. अकरावी-बारावीत असाल, तर हे लक्षात ठेवा.