दिनविशेष : उडत्या कासवाचे पदार्पण
२७ नोव्हेंबर १९६५

जपानमध्ये दाइए कंपनीचा ‘दाइकाइजू गामेरा’ याच दिवशी प्रदर्शित झाला. तोहो कंपनीच्या ‘गोडझिला’ची चलती पाहून तो काढला होता. तोहोचे राक्षसपट तोवर रंगीत झाले होते; दिग्दर्शक नोरिआकी युआसा यांच्या वाट्याला मात्र तुटपुंजे पैसे आणि कृष्णधवल फिल्म आली. त्यांचा राक्षस म्हणजे साठ मीटर उंचीचे कासव. ते पाय कवचात ओढून घेते, त्या भोकांतून आगीचे लोट सोडते आणि गरगर फिरत आकाशात झेपावते.

नकलेचा शिक्का पुसला तो एका प्रसंगाने. दीपगृह पाडणारे हेच कासव तिथून कोसळणाऱ्या तोशिओ या मुलाला अलगद झेलते. पुढच्या चित्रपटांत गामेरा मुलांचा कैवारी झाला आणि गोडझिलाच्या सावलीतून बाहेर पडला. १९७१मध्ये दाइए बुडाली, कासव मात्र तरले. १९९५मध्ये शुसुके कानेको यांनी त्याला नव्या दमाने पडद्यावर आणले, समीक्षकांनीही वाखाणले. २०२३मध्ये नेटफ्लिक्सवर त्याची अ‍ॅनिमेशन मालिका आली. लाटेवर स्वार होण्यासाठी काढलेला चित्रपटही स्वतःचा स्वभाव सापडला, तर लाट ओसरल्यावर टिकतो.