कमानीवरचा भरवसा

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात बारा-पंधरा वर्षे शेतात आणि बाजारात राबलेली पिकअप मागून हेलकावे खाऊ लागली, की गॅरेजमध्ये पहिला विषय निघतो कमानीच्या पाट्यांचा. एखादा पाटा वाढवा, जुन्या पाट्यांना बाक देऊन घ्या, मेन पाटा बदला. शॉकअपचा विषय मागाहून निघतो, पुष्कळदा निघतच नाही. तेल गळून कोरडा पडलेला शॉकअप वर्षानुवर्षे तसाच लटकत राहतो आणि गाडी अजून भक्कम आहे, असे मालक समाधानाने सांगतो. या सवयीला निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. ही सवय वऱ्हाडच्या काळ्या जमिनीने, बैलगाडीच्या काळापासून घडवलेली आहे. तिच्या काळात ती रास्तच होती. गेल्या चार दशकांत पीक आणि रस्ता दोन्ही बदलले आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. जुन्या पिकअपला नवे शॉकअप घेऊ पाहणाऱ्याने हा इतिहास आधी ध्यानात घ्यावा, असे मी आग्रहाने म्हणतो, कारण कोणता शॉकअप घ्यायचा हे त्यावरूनच ठरते.

वऱ्हाडची कसदार जमीन कापसाला जितकी मानवते तितकीच चाकाला छळते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून खोल भेगा टाकते. पावसाळ्यात चिखल चाकाला लपेटून आऱ्यांपर्यंत चढतो. तोच वाळला की चाकोऱ्या दगडासारख्या टणक होतात. रेल्वे येण्यापूर्वी या मुलखातला कापूस लादणीच्या बैलांच्या पाठीवरून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. बंजारा तांड्यांनी ही वाहतूक पिढ्यानपिढ्या केली. त्यांचे मोठे श्रद्धास्थान पोहरादेवी याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात आहे. चाकाशिवाय माल नेणे हे मागासलेपणाचे लक्षण मानण्याची घाई करू नये. लादणीच्या बैलाला बांधलेला रस्ता लागत नाही, आणि धक्का सोसायला त्याचे चार पाय पुरतात. बांधीव रस्ता नसलेल्या काळ्या रानातून लांबचा माल न्यायचा, तर हाच शहाणपणाचा हिशेब होता.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या वर्षांत मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये खामगावला फाटा गेला, आणि पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद मापाची 'शकुंतला' कारंज्यावरून धावू लागली. रेल्वेने बैलगाडीचे काम संपवले नाही, उलट वाढवले. गावापासून स्टेशनपर्यंत आणि जिनापर्यंत माल पोचवायला बंडीच लागत होती. या बंडीला कमान नव्हती. साटा, आख आणि लोखंडी धाव चढवलेले चाक, सगळे एकमेकांवर थेट बसलेले. ताशी तीन-चार किलोमीटरच्या चालीत कमानीची गरजही नव्हती. चाक दगडावर चढायचे, उतरायचे, गाडी कलायची आणि पुन्हा सरळ व्हायची, उसळी घ्यायला तिला वेळच मिळत नसे. कमान होती ती टांग्याला, पण टांगा चालायचा खडीच्या रस्त्यावर आणि वाहायचा माणसे. मालाची गाडी म्हणजे न लवणारी गाडी, आणि जी लवत नाही ती मजबूत, ही समजूत इथे पक्की झाली. बंडीच्या बाबतीत ती खरीच होती.

कमानीची अडचण अशी की ती धक्का साठवते, संपवत नाही. झोपाळ्याला एकदा ढकलले की तो कितीतरी वेळ झुलत राहतो, कोणीतरी हात लावून थांबवेपर्यंत. शॉकअप म्हणजे तो हात. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियटने लंबगोल पाट्यांच्या कमानीचे पेटंट घेतले 1804 साली. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे घोडागाड्या अशा हाताशिवायच चालल्या. मोटारीचा वेग आला तेव्हा मात्र प्रवासी आसनावरून उडू लागले. आधी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या लावून पाहिल्या गेल्या. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने, ज्याचा 'गॅब्रिएल' नावाचा भोंगा तेव्हा गाजत होता, कमानीची उसळी आवरणारा 'स्नबर' बाजारात आणला. शेवटी टिकली ती तेलाची युक्ती: नळीत तेल, तेलात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रे. तेल छिद्रांतून रेटून जाताना हालचालीची उष्णता होते आणि ती नळीच्या भिंतीवाटे बाहेर पडते. त्याच गॅब्रिएलच्या नावाने 1961 मध्ये मुलुंडला कारखाना सुरू झाला आणि हा भाग महाराष्ट्रातच बनू लागला. पण त्याच्या आधीच तो जीपच्या पोटाखालून इथे पोचला होता. महिंद्राने 1947 पासून विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी होत्या आणि प्रत्येक कमानीजवळ एकेक नळीचा शॉकअप.

म्हणजे पाटा आणि शॉकअप दोघेही एकाच गाडीतून आले, तरी गावाने स्वीकारला तो पाटाच. याची कारणे चांगली भक्कम आहेत. पाटा तुटला की गाडी एका अंगाला बसते आणि काम थांबते. शॉकअप मात्र गुपचूप मरतो. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाटा हे लोहाराच्या ओळखीचे पोलाद आहे. भट्टीत लाल करून, ठोकून, बाक देऊन, पाणी पाजून तो पुन्हा उभा करता येतो. शॉकअपची बंद नळी कापली तर पुन्हा जुळत नाही. गावातल्या हाताला जे दुरुस्त करता येते त्यावर गावाचा विश्वास बसतो, हे कुठल्याही अवजाराच्या बाबतीत खरे आहे. तिसरे कारण खुद्द यंत्रातच आहे. एकावर एक रचलेले सात-आठ पाटे लवताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणात उसळीचा काही भाग जिरतो. पाट्यांच्या फटींत धूळ आणि गंज साचला की घर्षण आणखी वाढते. ताशी तीस-चाळीसच्या वेगाने, भरल्या गाडीत, मेलेल्या शॉकअपची उणीव जाणवतही नसे. तेव्हाच्या मिस्त्रीने मालकाचे पैसे पाट्यांवर खर्च करवले, तेव्हा तो चुकला असे मला वाटत नाही.

बदल सुरू झाला तो पिकापासून. वेचलेला मोकळा कापूस फुगीर आणि हलका असतो. गाडी वजनाने भरण्याआधी आकाराने भरते, भारा उंच जातो आणि वळणावर डुलतो. 1980 नंतरच्या दोन दशकांत विदर्भात सोयाबीन पसरले, आणि कारंज्याची बाजार समिती सोयाबीनच्या आवकेसाठी ओळखली जाऊ लागली. सोयाबीनचे पोते लहान आणि जड असते. हौदा अर्धा भरला तोच पाटे सरळ होतात. पाटा वाढवण्याच्या जुन्या सवयीला या पोत्यांनी नवे बळ दिले. पाठोपाठ रस्ताही बदलला. डिसेंबर 1943 मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातल्या रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी प्रतवारी ठरवली होती, आणि विकसित शेतीच्या भागात कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून 5 मैलांपेक्षा दूर राहू नये असे उद्दिष्ट ठेवले होते. खेड्यांपर्यंत डांबर पोचण्याला खरा वेग आला तो डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेनंतर. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. तो कारंजा तालुक्यातूनच जातो आणि मालवाहू गाड्यांना त्यावर ताशी 80 किलोमीटरची मुभा आहे. पांदण रस्ते मात्र पुष्कळ ठिकाणी अजून तेच आहेत. त्यांच्यासाठी 2021 मध्ये राज्य सरकारला मातोश्री ग्रामसमृद्धी ही वेगळी योजना काढावी लागली, यातच त्यांची अवस्था आली.

एकच गाडी एकाच सकाळी वाळलेल्या चाकोऱ्यांतून निघते, डांबरावर येते आणि मोठ्या रस्त्यावर वेग घेते. जाताना ती भरलेली असते, येताना रिकामी. इथेच जुना हिशेब फसतो. पोत्यांच्या वजनासाठी वाढवलेले पाटे रिकाम्या हौद्याला फार कडक पडतात. चाक उंचवट्यावरून उडते आणि क्षणभर रस्ता सोडते. रस्ता सोडलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण घेता येते. त्यात काही पिकअपना मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारी एक कडी चासी आणि आसाच्या मधे असते. हौदा किती खाली बसला यावरून ती गाडीतले वजन ओळखते. पाटे वाढवून गाडी उंच केली आणि ती कडी पुन्हा जुळवली नाही, तर भरलेल्या गाडीलाही ती रिकामी समजते आणि मागचा ब्रेक कमी देते. पाटा जितका कडक, तितकी त्याची उसळी आवरायला शॉकअपही जोरकस लागतो. म्हणजे पाटा वाढवून शॉकअपकडे दुर्लक्ष करणे हे दुप्पट उलटे काम आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की शॉकअप वजन पेलत नाही, मग वजन वाहणाऱ्याने त्यावर पैसे का घालावेत? आक्षेपाचा पूर्वार्ध अगदी खरा आहे आणि तो विसरू नये. बसलेली गाडी शॉकअपने उठत नाही, आणि तशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नये. पण वजन पेलणे आणि वजन आवरणे ही दोन कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची गरज वेगाबरोबर झपाट्याने वाढते. दुसरा आक्षेप अनुभवी चालकांचा असतो. पांदणीचा रस्ता खराब, म्हणून सर्वांत कडक 'हेवी ड्यूटी' शॉकअपच हवा. इथे बंडीची समजूत नव्या वेशात परत येते. अतिकडक शॉकअप खड्ड्यात चाकाला पुरेसे खाली जाऊ देत नाही, आणि धक्का चासीकडे, मालाकडे आणि चालकाच्या कमरेकडे जसाच्या तसा पाठवतो. खडबडीत वाटेवर शॉकअपकडून मागायची ती तीन गोष्टी: पुरेशी लांबी, तापल्यावरही टिकणारा जोर, आणि धुळीपासून बचाव. तिसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस काढावा लागतो, आणि जुन्या गाडीत पैसे किती ओतायचे हा मालकाचा खरा प्रश्न असतो. त्याला माझे उत्तर एवढेच की महागडा शॉकअप मी सुचवतच नाही.

तेल आणि गॅसच्या मधे तरंगता दट्ट्या ठेवणारी एकनळी जात फ्रान्सच्या द कार्बोनच्या कामातून 1950 च्या दशकात पुढे आली. तिची उष्णता थेट बाहेर पडते, म्हणून लांबच्या खडबडीत धावेला ती उत्तम. पण तिच्यात दट्ट्या बाहेरच्या भिंतीलाच घासून चालतो. पांदणीतल्या एका दगडाने भिंतीला पोचा पाडला की दट्ट्या तिथेच अडकतो. दुहेरी नळीच्या शॉकअपची बाहेरची नळी पोचली तरी आतले काम बहुधा चालू राहते. त्यातही हलक्या दाबाचा गॅस भरलेला घ्यावा, म्हणजे सतत थरथरल्याने तेलाला फेस येऊन जोर ओसरत नाही. काळ्या मातीतल्या, माल वाहणाऱ्या जुन्या पिकअपला गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मापाचा असा दुहेरी नळीचा शॉकअप माझ्या मते सर्वांत योग्य. विकत घेण्याआधी वाढवलेला पाटा काढून कमान मूळ उंचीवर आणावी. तो पाटा ठेवायचाच असेल, तर चाक पूर्ण लोंबते ठेवून आणि पूर्ण दाबून, वरच्या बुशपासून खालच्या बुशपर्यंतची दोन्ही मापे घ्यावीत. उंचावलेल्या गाडीला जुन्या लांबीचा शॉकअप लावला की खड्ड्यात तो ताणाच्या टोकाला जाऊन आपटतो आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचा डोळा तरी तुटतो नाहीतर सील तरी जाते. एका आसावरचे दोन्ही एकाच वेळी बदलावेत. रबर बुश नवे घ्यावेत. दुहेरी नळीचा असेल तर बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडावा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आतल्या नळीत शिरलेली हवा निघून जाते.

जुना शॉकअप खरोखर गेला आहे का, हे हौदा दाबून कळत नाही. गंजलेल्या पाट्यांच्या घर्षणाने हौदा तसाही लगेच थांबतो. नळीवर नुसता ओलसर थर आहे की तेल ओघळले आहे हे पाहावे. टायरवर थोड्या-थोड्या अंतराने खळगे पडले आहेत का, हे तळहात फिरवून पाहावे. आणि खराब रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवून उतरल्यावर, एका आसाच्या दोन्ही नळ्यांना जपून बोट लावावे. काम करणारा शॉकअप तापलेला असतो, मेलेला थंड.