ठाकुरांच्या घरी भाड्याची खोली

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्यानं पूर्वेला निघालं की पंधराएक किलोमीटरवर कानोता लागतं. रस्त्याकाठी ढाबे, टायरची दुकानं, मालमोटारी. आणि आत वळलं की बुरुजांची, खंदकाची गढी. आज तिथे पैसे मोजून राहता येतं, लाल मांस आणि बाजरीची रोटी खाता येते, गच्चीवर पाय पसरून मोरांचं ओरडणं ऐकता येतं. राजस्थानात असे किल्ले, हवेल्या आणि शिकारखाने इतके झालेत की पाहुण्याला वाटतं, ही इथली जुनीच रीत असावी. आतिथ्य रजपुतांच्या रक्तातच आहे वगैरे माहितीपत्रकांत छापलेलंही असतं. ते अगदीच खोटं नाही, पण हॉटेल काही रक्तातून आलेलं नाही. त्याची कुळी महसूल खात्याच्या दप्तरात सापडते.

आधी गढीच्या मालकांविषयी. कानोत्याचे ठाकूर मूळचे जयपूरचे नव्हेत. ते मारवाडातले चांपावत राठोड, पीलव्याचे. थोरल्याला ठिकाणा, म्हणजे घराण्याची जागीर, आणि धाकट्यांनी तलवार घेऊन दुसऱ्याच्या चाकरीला जायचं, हा तिकडचा रिवाज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या घरातले भाऊ जयपूरच्या सवाई रामसिंहांच्या दरबारात आले आणि तिथे चांगलेच रुजले. फतेहसिंहांना नायला मिळालं, जोरावरसिंहांना कानोता. राठोडांची नि आपलीही जुनी ओळख आहे म्हणा. त्याआधी याच मुलखात, तुंग्याला, १७८७ साली महादजी शिंद्यांच्या तोफांवर राठोड घोडेस्वार तुटून पडले होते. तेव्हा आपल्याकडच्या मंडळींचा मुक्काम इथे तंबूत होता, आणि तो फारसा सुखाचा झाला नाही.

जोरावरसिंहांचे पुत्र नारायणसिंह, आणि नारायणसिंहांचे थोरले अमरसिंह. या अमरसिंहांमुळे कानोता हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. जन्म १८७८ चा. जोधपुरात तिथला कारभार पाहणाऱ्या सर प्रतापांच्या हाताखाली वाढले, बारहठ रामनाथजींसारख्या चारण गुरूनं वाचनाची गोडी लावली, आणि १८९८ साली त्यांनी इंग्रजीत रोजनिशी लिहायला घेतली. ती १९४२ मध्ये मृत्यूपर्यंत चालली. जाडजूड ८९ खंड! चीनमधल्या बॉक्सर बंडावरची मोहीम, राजपुत्रांसाठी काढलेली इंपीरियल कॅडेट कोअर, महूची छावणी, पहिल्या महायुद्धातलं फ्रान्स आणि अखेरीस जयपूर संस्थानाच्या फौजेची सरदारकी, असं सगळं त्यात आहे. सुझान आणि लॉइड रूडॉल्फ या अमेरिकन दांपत्यानं घरातल्याच मोहनसिंह कानोतांना बरोबर घेऊन त्यातली पहिली काही वर्षं ‘रिव्हर्सिंग द गेझ’ या नावानं प्रसिद्ध केली.

हॉटेलाच्या कुळकथेत ही रोजनिशी मला फार मोलाची वाटते. एरवी अशा वास्तूंचा भूतकाळ मालकाच्या तोंडूनच ऐकावा लागतो, आणि मालकाला खोली विकायची असते. इथे मात्र साक्षीदार घरातलाच आहे, आणि त्याला कुणाला काही विकायचं नव्हतं. त्याच्या लेखणीतून जयपूर शहरातल्या कानोता हवेलीतलं जे जगणं दिसतं, त्यात आराम कमीच. नोकरचाकर धरून शंभराच्या घरातली माणसं, आजोबा-वडिलांपुढे बसण्याबोलण्याचे कायदे, जनाना वेगळा, मर्दाना वेगळा. १९०१ साली लग्न झालेला हा घोडेस्वार अधिकारी बायकोला भेटे तो रात्री, सगळं निजल्यावर. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर तिच्याशी बोलणं शोभत नसे. एकत्र कुटुंबातल्या कुरबुरी, सासू-सुनांचे ताण, पैशाची ओढाताण हे त्यानं पानंच्या पानं लिहून ठेवलंय. ज्या जनान्याच्या खोलीला आज ‘राजेशाही निवांतपणा’ म्हणून भाडं लावतात, तिथल्या जुन्या रहिवासिनींना निवांतपणा किती मिळाला हे त्यातून कळतं.

पुढे याच अमरसिंहांनी १९२८ साली परकोटाबाहेर, शहराच्या दक्षिणेला, बागेत एक मोकळा बंगलेवजा महाल बांधला आणि वडिलांचं नाव देऊन त्याला नारायण निवास म्हटलं. आयुष्यभर हवेलीच्या गर्दीबद्दल लिहिणाऱ्या माणसानं भिंतीबाहेर घर बांधावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

आता महसुलाकडे. स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली तेव्हा राजांना तनखे मिळाले. जयपूरचा वर्षाला १८ लाख. पण ठाकुरांना तनखा नव्हता. त्यांचं पोट जागिरीच्या साऱ्यावर, आणि राजस्थान सरकारनं १९५२ च्या कायद्यानं जागिरीच परत घ्यायला सुरुवात केली. मोबदला ठरला, पण तो हप्त्यांनी आणि रोख्यांनी. छोट्या भूस्वामींनी १९५५-५६ मध्ये मोठं आंदोलनही केलं. गावं गेली, सारा गेला, आणि मागे उरली ती गढी. ती काही उत्पन्न देईना, उलट दर पावसाळ्यात मागत मात्र राहिली.

जुनी भिंत पोसायला काय लागतं हे जयपूरच्या चुनेवाल्यांना विचारावं. तिथल्या आरसपानी गिलाव्याला आराईश म्हणतात. चुना महिनोन् महिने भिजत ठेवायचा, त्यात दही-गूळ घालायचा, थरावर थर चढवून अकीकाच्या दगडानं घोटत बसायचं, शेवटी खोबऱ्याच्या तेलाचा हात. ते जमणारे कारागीर महाग, म्हणून अनेकांनी सिमेंट फासलं. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आतच कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत लोणा फुटून चित्रांसकट पापुद्रे गळायला लागतात. पैसा नसल्यानं वाडे पडले हे खरं, पण चुकीच्या डागडुजीनंही बरेच पडले.

राजेलोकांनी मार्ग आधी काढला, कारण त्यांच्याकडे बड्या पाहुण्यांचा राबता होता. जयपूरचे महाराज सवाई मानसिंह यांचं राजप्रमुखपद १९५६ साली गेलं; पुढच्याच वर्षी त्यांनी राहतं घर, रामबाग, हॉटेल केलं. ही रामबाग १८३५ च्या सुमारास महाराणीच्या मर्जीतल्या केसर बडारणीसाठी उभारलेली, मग शिकारीचा मुक्काम, मग महाल. त्यांच्या राणी गायत्रीदेवींना ते बिऱ्हाड सोडणं मुळीच आवडलं नव्हतं, असं त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट सांगितलंय. उदयपूरच्या पिछोल्यातला जगनिवास १९६३ साली याच वाटेनं गेला. दोन्हींचा कारभार पुढे ताजकडे आला. डिसेंबर १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं तनखेच संपले, आणि मग ज्याला त्याला आपल्या महालाच्या खोल्या मोजणं भाग पडलं.

ही गोष्ट राजस्थाननं शोधून काढली असंही नाही. कैरोत ती साठ-सत्तर वर्षं आधीच घडली. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला तेव्हा खेदिव इस्माईलनं फ्रान्सच्या सम्राज्ञीसाठी नाईलच्या बेटावर गझीरा महाल बांधला. असल्या खर्चानं इजिप्त कर्जात बुडालं, १८७९ मध्ये इस्माईलची गादी गेली, आणि शतक संपायच्या आत त्या महालात थंडी घालवायला आलेले युरोपी प्रवासी पैसे देऊन उतरू लागले. पिरॅमिडांच्या पायथ्याशी त्याचाच शिकारीचा बंगला होता. त्याचं मेना हाऊस झालं. गंमत म्हणजे हे मेना हाऊस १९७०च्या दशकापासून २०१२ पर्यंत आपल्या ओबेरॉयनी चालवलं. धनी कर्जबाजारी झाल्याशिवाय महालाच्या दारावर दरपत्रक लागत नाही, हे नाईलकाठी काय आणि अरवलीत काय, सारखंच.

तरी रामबाग आणि कानोता यांत फरक आहे, आणि मला कानोत्याची शाखा जास्त रसाची वाटते. महाराजांचं हॉटेल म्हणजे शेवटी मोठं हॉटेल: गणवेश, स्वागतकक्ष, व्यवस्थापक. ठाकुरांकडे तेवढं भांडवल नव्हतं. नारायण निवास १९७०च्या दशकात पाहुण्यांसाठी उघडलं, चांदपोलकडचा बिसाऊ ठिकाण्याचा महाल, शेखावाटीतलं मंडावा, मग समोद, असे एकेक ठिकाणे या धंद्यात उतरले. सुरुवातीला फ्रेंच-जर्मन प्रवासी गटानं यायचे, चार-सहा खोल्या पुसून द्यायच्या, न्हाणीघरं भिंती फोडून काढायची. वीतभर जागा मिळेल तिथे, कोठारात, पहारेकऱ्याच्या कोनाड्यात, जिन्याखाली. जुन्या गढीतल्या हॉटेलात न्हाणीघराला चार पायऱ्या चढाव्या लागतात किंवा दार तिरकं लागतं, त्याचं कारण हेच. जेवण घरच्याच चुलीवरचं, आणि संध्याकाळी ठाकूर स्वतः येऊन पाहुण्यांशी गप्पा मारत बसणार. पैसे घ्यायची लाज आणि पैशाची गरज यांची अशी सांधेजोड झाली: पाहुण्याला पाहुणाच म्हणायचं, बिल मात्र कारकुनानं आणून द्यायचं.

जेवणाचंही तसंच झालं. लाल मांस हे शिकारीच्या मुक्कामावरचं तिखटजाळ कालवण. मथानियाच्या मिरच्या, लसूण, दही आणि भरपूर तूप. सफेद मांस दुधा-बदामाचं, सणासुदीचं. केर-सांगरी ही तर वाळवंटातली दुष्काळी भाजी, झुडपावरची फळं आणि खेजडीच्या शेंगा वाळवून ठेवलेल्या. आता तिन्ही एकाच ताटात ‘राजेशाही थाळी’ म्हणून येतात. ठाकुरांच्या जनान्यात रोज हे शिजत असेल यावर माझा विश्वास नाही. पण घराघराची हातवळणी असलेली कालवणं टिकली ती या पाहुण्यांच्या कृपेनं, हेही मान्य करायला हवं.

सरकारला हे उशिरा सुचलं. हॉटेलवाल्यांची संघटना १९९० मध्ये जयपुरात उभी राहिली आणि पर्यटन खात्यानं ‘हेरिटेज हॉटेल’ असा वर्ग बांधून दिला: वास्तू १९५० पूर्वीची हवी, खोल्या निदान पाच हव्यात, मूळ रूप बिघडवायचं नाही. त्यातही पायऱ्या. १९३५ नंतरची साधी, १९२० ते ३५ मधली ‘क्लासिक’, त्याआधीची ‘ग्रँड’. म्हणजे वयाच्या हिशेबानं अमरसिंहांचा नारायण निवास मधल्या पायरीवर, आणि आजोबांची गढी वरच्या. फ्रान्सिस वाक्झियार्ग आणि अमन नाथ यांनी ठाकूर नसतानाही पडका नीमराणा किल्ला १९८६ साली विकत घेऊन १९९१ मध्ये हॉटेल म्हणून उघडला, तेव्हा या धंद्याला वंशावळीची गरज नाही हेही सिद्ध झालं.

मग आपल्याकडे हे का झालं नाही? अगदीच नाही असं नव्हे. कोल्हापूरचा शालिनी पॅलेस रंकाळ्याकाठी १९८७ साली हॉटेल झाला, सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांच्या चित्रांच्या खोल्या पाहुण्यांना मिळतात, ग्वाल्हेरला शिंद्यांचं उषाकिरण आहे. पण देशावरच्या सरदारांचे, इनामदारांचे वाडे? मला वाटतं, मुख्य अडचण वाटणीची. राजस्थानात ठिकाणा थोरल्याकडे अखंड जाई, धाकटे जोरावरसिंहांसारखे बाहेर पडत. म्हणून गढी एका हाती राहिली. आपल्याकडे सातबाऱ्यावर नावं वाढत गेली, वाड्यात मधोमध विटांची भिंत आली, एका चौकाचे चार मालक झाले. शंभर सह्या गोळा करून कोण स्वागतकक्ष उघडणार? शिवाय आपले वाडे लाकूड-मातीचे. पावसापुढे दगडी गढीइतके ते टिकत नाहीत.

आज कानोत्यासारख्या जागांचा खरा आधार परदेशी प्रवासी उरलेला नाही; तो आहे लग्नांचा. मुंबई-पुण्याची वऱ्हाडं विमानानं जयपूरला उतरतात, तीन दिवस गढी अख्खी ठरवतात, नवरदेव तलवार घेऊन फोटो काढतो. डीजेच्या ठोक्यानं चुन्याचे पापुद्रे सुटतात की नाही, हा वास्तुतज्ज्ञांचा विषय. गच्चीची डागडुजी त्या पैशातून होते एवढं नक्की.

जायचंच असेल तर कार्तिक ते माघ. लग्नतिथी पाहून, म्हणजे ती टाळून जावं. शहरात फिरायचं असेल तर मुक्काम नारायण निवासला, निवांत पडायचं असेल तर कानोत्याला. लाल मांस मागवताना तिखट कमी करा असं सांगू नये, आचारी दुखावतात. शेजारी दही मागवावं. आणि कानोत्याला हत्तीच्या हौद्यांपाशी वेळ न घालवता अमरसिंहांच्या पुस्तकांच्या कपाटांकडे जावं. घोड्यावरून वावरणाऱ्या या सरदारानं काय काय वाचलं होतं ते पाहण्यात दुपार सहज जाते.