कॉलेजने गाव दत्तक घेतलं म्हणजे नेमकं काय? निधी किती, कुणाच्या खात्यात आणि गावाने काय मागायचं?

एक दिवस गावात कॉलेजची बस येते. पंधरा-वीस मुलं-मुली उतरतात आणि हातात फॉर्म घेऊन घरोघर फिरतात. घरात माणसं किती, संडास आहे का, पाणी कुठून आणता, जनावरं किती, गॅस आहे का, असं सगळं विचारतात. ग्रामपंचायतीसमोर बॅनर लागतो, सरपंचांचा सत्कार होतो, फोटो निघतात. संध्याकाळी बस परत जाते. नंतर त्या फॉर्मचं काय झालं हे बहुतेक गावांना कळत नाही, आणि विचारायचं कुणाला हेही माहीत नसतं.

खरं तर या कामासाठी सरकारी निधी असतो. रक्कम छोटी असली तरी ती गावाच्या नावावर दिलेली असते. म्हणून तिची माहिती गावाला पाहिजे.

मुख्य योजना : उन्नत भारत अभियान

कॉलेज आणि गाव जोडणारी देशातली एक मोठी योजना म्हणजे उन्नत भारत अभियान. केंद्राच्या तेव्हाच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताचं शिक्षण मंत्रालय) ११ नोव्हेंबर २०१४ रोजी ती सुरू केली. २५ एप्रिल २०१८ रोजी तिचा दुसरा टप्पा आला आणि साधी कॉलेजंही मोठ्या संख्येने यात सामील झाली. देशपातळीवरचं समन्वयाचं काम आयआयटी दिल्ली बघते.

योजनेमागचा विचार सरळ आहे. कॉलेजात प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि शिकणारी मुलं आहेत. गावात पाण्याचे, शेतीचे, ऊर्जेचे, रोजगाराचे प्रश्न आहेत. दोघांची गाठ पडली तर गावाचं काम होतं आणि मुलांनाही खरं शिक्षण मिळतं.

यात भाग घेणाऱ्या कॉलेजने किमान पाच गावं निवडायची असतात. गावं ठरवताना जिल्हा प्रशासनाला सोबत घ्यायचं असतं. कॉलेजचा एक प्राध्यापक समन्वयक असतो. गावाने पहिल्यांदा त्याचं नाव आणि मोबाईल नंबर घेऊन ठेवायचा, कारण पुढचं सगळं त्याच्यामार्फत होतं.

पैसा किती आणि कशासाठी?

पहिला हप्ता सर्वेक्षणाचा. एका गावामागे १०,००० रुपये, म्हणजे पाच गावांचे ५०,००० रुपये. हा पैसा कॉलेजच्या खात्यात येतो, ग्रामपंचायतीच्या नाही. गाडीभाडं, फॉर्म छापणं, मुलांचा चहा-नाश्ता, गावातली बैठक अशी कामं त्यातून होतात. त्यामुळे "आमच्या गावाच्या नावावर लाखो रुपये आले आणि कुणीतरी खाल्ले" असं आधीच बोलून मोकळं होऊ नये. त्याचबरोबर "पैसाच नाही" हे उत्तरही खरं नाही.

दुसरा भाग तंत्रज्ञानाचा. सर्वेक्षणात एखादा ठोस प्रश्न पुढे आला, तर कॉलेज त्यावर प्रस्ताव तयार करून अभियानाच्या विषयतज्ज्ञ गटाकडे पाठवू शकतं. शेती, पाणी व्यवस्थापन, ऊर्जा, कारागीर आणि ग्रामोद्योग, मूलभूत सुविधा असे वेगवेगळे गट आहेत. प्रस्ताव पटला तर साधारण १ लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. हा पैसा रस्ता किंवा सभामंडप बांधायला नसतो. एखादं तंत्र गावाला बसेल असं करून दाखवायला असतो. समजा गावात कांदा सडतो, तर सुधारित चाळीचा एक नमुना. बोअर आटतात, तर एका बोअरचं पुनर्भरण करून आधीची आणि नंतरची पाणीपातळी मोजणं. पाण्याला क्षार आहेत, तर सगळ्या स्रोतांची तपासणी.

एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. पहिल्या टप्प्यात अहवाल नीट झाला नाही तर दुसऱ्या टप्प्याचा प्रस्ताव कशाच्या जोरावर पाठवणार? म्हणून फॉर्म भरताना "लिहा काहीही" म्हणणं गावालाच महागात पडतं. पाण्याचा टँकर मार्चपासून लागतो की मेपासून, हे खरं सांगितलं तरच ते पुढे जातं.

अहवाल गावाचा आहे, तो मागून घ्या

यातलं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते १०,००० रुपये नाहीत, सर्वेक्षणाची माहिती आहे. घर-घर फिरून गोळा केलेला असा आकडा ग्रामपंचायतीकडे अनेकदा नसतो. अभियानात कॉलेजने ही माहिती ग्रामसभेसमोर मांडावी आणि ग्रामपंचायत विकास आराखड्याला मदत करावी अशी अपेक्षा आहे.

आपल्याकडे हा आराखडा "आमचं गाव आमचा विकास" या नावाने होतो. वित्त आयोगाचा पैसा त्या आराखड्याप्रमाणे खर्च करायचा असतो. म्हणजे कॉलेजचा छोटा निधी आणि ग्रामपंचायतीचा मोठा निधी यांच्यामधला पूल म्हणजे हा अहवाल. किती घरांना नळ नाही, कोणत्या वस्तीत गटार नाही, हे नकाशासकट कागदावर आलं तर ग्रामसभेत बोलणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं. अहवाल कॉलेजच्या कपाटात राहिला तर मुलांची पायपीट फुकट आणि गावाचा वेळही फुकट.

गावाने काय करायचं?

१. कॉलेजने पत्र मागितलं तर सरपंच-ग्रामसेवकांनी नुसती सही-शिक्का देऊ नये. कोणत्या योजनेखाली, किती काळासाठी, कोण समन्वयक, हे लेखी घ्यावं.

२. विषय ग्रामसभेत घ्यावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत ठराव करता येतो. ठरावात दोनच मागण्या ठेवा : सर्वेक्षणाचा अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी.

३. दहा प्रश्नांची यादी देऊ नका, एकच प्रश्न द्या. "गावाचा विकास करा" या मागणीवर कुणाला प्रस्ताव लिहिता येत नाही. "खालच्या वस्तीतल्या हातपंपाचं पाणी पिण्यालायक आहे का ते तपासा" यावर लिहिता येतो.

४. गावातला एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, एक बचत गटाची ताई आणि एक जाणता शेतकरी अशी तिघांची जोडणी कॉलेजला करून द्या. मुलं दरवर्षी बदलतात, गावातली माणसं तीच राहतात.

५. सर्वेक्षणासाठी कुणालाही पैसे द्यायचे नसतात. ओटीपी आणि बँकेचा पिन कुणाला सांगायचा नाही. आधारची किंवा पासबुकची झेरॉक्स मागितली तर कशासाठी ते लेखी विचारा. कॉलेजचं ओळखपत्र बघितल्याशिवाय माहिती देऊ नका.

आणखी कुठले दरवाजे आहेत?

*राष्ट्रीय सेवा योजना (एनएसएस).* ही १९६९ पासून चालू आहे. कॉलेजचं युनिट गाव दत्तक घेतं आणि सात दिवसांचं निवासी शिबिर भरवतं. १०० स्वयंसेवकांच्या युनिटमधून साधारण ५० मुलं शिबिराला येतात. बरीच वर्षं शिबिराचा दर माणशी ४५० रुपये होता, म्हणजे पूर्ण शिबिराला २२,५०० रुपये. नंतर तो वाढवण्यात आला. एवढ्या पैशात सात दिवस जेवण आणि साहित्य बसवायचं म्हणजे ओढाताणच. म्हणून गावाने राहायला शाळा आणि भाकरी दिली तर काम वाढतं. पण काम कोणतं हे आधी ठरवा. नुसता रस्ता झाडण्यापेक्षा ५० जोडी हातांकडून वनराई बंधारा बांधून घेतला तर गुरांना पाणी राहतं.

*उन्नत महाराष्ट्र अभियान.* राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने २०१६ मध्ये हे आणलं. मार्गदर्शन आयआयटी मुंबईच्या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचं, ज्याला सितारा म्हणतात. इथे पद्धत थोडी वेगळी आहे. जिल्हा प्रशासन किंवा सरकारी खातं जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजला अभ्यासाचं काम देऊ शकतं. नळयोजना का बंद पडते, बंधाऱ्यात पाणी का थांबत नाही, असे विषय त्यात येतात. जलयुक्त शिवारच्या कामांचं मूल्यमापनही अशा कॉलेजांनी केलेलं आहे. गावची नळयोजना दरवर्षी त्याच महिन्यात कोलमडत असेल तर गटविकास अधिकाऱ्यांमार्फत अशा अभ्यासाची मागणी करता येते.

*आत्मा.* शेतकरी आणि शास्त्रज्ञ समोरासमोर बसावेत यासाठी कृषी विभागाच्या आत्मा योजनेत शेतकरी-शास्त्रज्ञ सुसंवाद हा घटक आहे. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत २५ शेतकऱ्यांच्या दोन दिवसांच्या एका सुसंवादाला २०,००० रुपये धरलेले होते. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रातले तज्ज्ञ यासाठी बोलावता येतात. शेतकरी गटाने तालुका कृषी कार्यालयात किंवा आत्माच्या तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडे लेखी मागणी करायची. विषय हंगामाच्या आधी द्यायचा. बोंडअळीवरची बैठक डिसेंबरात घेऊन उपयोग नाही.

*कृषिदूत आणि कृषिकन्या.* कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं गावात राहून काम करतात. हा त्यांचा अभ्यासक्रमच आहे, गावासाठी वेगळा निधी नसतो. पण बीजप्रक्रिया, माती नमुना घेणं, चाऱ्यावर प्रक्रिया ही प्रात्यक्षिकं फुकट होतात. मुलं वही पूर्ण करायला आलीत असं समजून त्यांना टाळू नका. त्यांच्यामागे एक अख्खं कॉलेज आहे. मुलाने पिकावरच्या रोगाचा फोटो सरांना पाठवला तर उत्तर त्याच दिवशी येऊ शकतं.

नवीन शैक्षणिक धोरणामुळे आता साध्या पदवीच्या मुलांनाही समाजात जाऊन केलेल्या कामाचे श्रेयांक मिळतात. त्यामुळे कॉलेजांनाही गावं हवी आहेत. गावाने कमीपणा घ्यायचं कारण नाही. गरज दोन्हीकडची आहे.

अर्ज कसा लिहायचा?

साध्या कागदावर, कॉलेजच्या प्राचार्यांच्या नावाने. एक पान पुरे. नमुना असा :

"आमच्या गावात अमुक कुटुंबं आहेत. फेब्रुवारीपासून पिण्याच्या पाण्याची टंचाई होते. विहीर आहे, पण पाणी पंधरा मिनिटांत संपतं. आपल्या कॉलेजने उन्नत भारत अभियानातून आमच्या गावाचा पाणी ताळेबंद करून द्यावा. मुलांच्या बैठकीची आणि राहण्याची सोय ग्रामपंचायत करेल. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडला आहे."

खाली सरपंचांची सही आणि संपर्काचा माणूस. पोच घ्यायला विसरू नका.

आधीच सर्वेक्षण झालं असेल आणि पुढे काहीच नसेल तर?

आधी समन्वयक प्राध्यापकांना फोन करा. बऱ्याच वेळा माणूस बदललेला असतो किंवा निधीचा पुढचा हप्ता अडलेला असतो. ते खरं कारण असू शकतं. तरीही उत्तर मिळालं नाही तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजला माहिती अधिकार लागू आहे. १० रुपयांच्या फीवर अर्ज करायचा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही नाही. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. कॉलेज खासगी विनाअनुदानित असेल तर निधीची माहिती आयआयटी दिल्लीकडे अर्ज करून मागता येते.

अर्जात तीनच गोष्टी विचारा : आमच्या गावासाठी किती रक्कम मिळाली, ती कशावर खर्च झाली आणि सर्वेक्षण अहवालाची प्रत.

भांडणासाठी नाही, अहवालासाठी विचारायचं. कारण गावातल्या प्रत्येक घराने दारात उभं राहून अर्धा तास दिलेला असतो. त्या अर्ध्या तासाचा हिशोब पुढच्या ग्रामसभेत टेबलावर आला पाहिजे.