विमा कोणासाठी? रक्ताचा आजार आणि बाबासाहेबांची 1947 ची मागणी

पैठण तालुक्यातील पाचोड मोसंबीच्या बाजारासाठी ओळखले जाते. पण मोसंबी तोडणारे, कापूस वेचणारे हात रोजंदारीवरचे आहेत. अशा एखाद्या घरात थॅलेसेमिया मेजर असलेले मूल जन्मले तर काय होते? त्याला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, तेही आयुष्यभर. वारंवार चढवलेल्या रक्तातले लोह हृदयात आणि यकृतात साचते, ते काढायला रोज औषध लागते. औषध थांबले तर रक्त मिळत असूनही मूल दगावू शकते. घाटी रुग्णालय पन्नासएक किलोमीटरवर आहे. प्रत्येक फेरीला आईची नाहीतर बापाची मजुरी बुडते. विम्याची चौकशी केली तर उत्तर मिळते: "आजार जन्मजात आहे, पॉलिसीत बसत नाही."

कोणी याला नशीब म्हणतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप. आपण आंबेडकरी लोक तसे म्हणू शकत नाही. या "बसत नाही"ला इतिहास आहे आणि तो आपल्याला माहीत असलाच पाहिजे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. बी. पी. अडारकर यांचा अहवाल 1944 मध्ये याच काळात आला. त्यातूनच 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. कामगार आजारी पडला तर उपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग हा त्याचा हक्क, असे तत्त्व या देशात कायद्याने मान्य झाले. पण कायदा कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. शेतमजूर बाहेर राहिला. आणि पाचोड तर तेव्हा निजामाच्या राज्यात होते! तेव्हापासून आजपर्यंत मोसंबीच्या बागेत राबणाऱ्याला हा विमा मिळालेला नाही.

बाबासाहेबांची दृष्टी मात्र फाटकाशी थांबली नव्हती. 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मागणी केली की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात विमा सक्तीचा असावा. ही तरतूद जीवन विम्याची होती, आरोग्य विम्याची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. विमा सर्वांचा असेल तर धडधाकट माणूस आजाऱ्याचा भार उचलतो. विमा दुकान झाला की दुकानदार धडधाकट गिऱ्हाईक निवडतो आणि आजाऱ्याला दार दाखवतो. जन्मावरून माणसाला दाराबाहेर उभे करणे आपल्याला नवे आहे का?

ती मागणी संविधानात आली नाही. आले ते अनुच्छेद 41 आणि 47: आजारपणात सार्वजनिक साहाय्य आणि सार्वजनिक आरोग्याची सुधारणा. दोन्ही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात थेट अंमलबजावणी मागता येत नाही अशा भागात. पुढे 1956 मध्ये आयुर्विमा आणि 1972 मध्ये सर्वसाधारण विमा सरकारी झाला. 1986 मध्ये मेडिक्लेम आला, तो हप्ता भरू शकणाऱ्यांसाठी. 1999 च्या कायद्याने खासगी कंपन्यांना दार उघडले.

आता जातीचा प्रश्न. जनुकाला जात कळत नाही, पण जात जनुकाला कोंडून ठेवते. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी 1916 च्या कोलंबियातील निबंधात मांडले. थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांत आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाधित मूल होण्याची शक्यता चारात एक असते. पिढ्यानपिढ्या बंद वर्तुळात लग्ने झाली की असे वाहक एकमेकांना भेटत राहतात. विदर्भात सिकलसेल आदिवासींबरोबर महार-बौद्ध वस्त्यांतही मोठ्या प्रमाणावर आहे. हा आपल्या रक्ताचा कलंक नाही. तिथल्या रुग्णांसाठी नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्यांच्या घरात दुखणे होते त्यांनीच संघटना केली, हा धडा मराठवाड्याने घ्यावा.

कारण लढून काही मिळालेही आहे. दिव्यांग हक्क कायदा, 2016 मध्ये थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांचा समावेश झाला. त्याचे कलम 25 दिव्यांगांना, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्यास सांगते, उत्पन्नाच्या अटीसह. फेब्रुवारी 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजार सरसकट वगळणारे कलम भेदभावाचे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाच्या व्यापक भागाला स्थगिती दिली, पण 2019 मध्ये विमा नियामक प्राधिकरणानेच आनुवंशिक आजार वगळण्याला मनाई केली. 2023 मध्ये दिव्यांगांसाठी पॉलिसी ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. तरीही हप्ता किती आणि प्रतीक्षा किती, हे कंपनीच्या हाती उरते.

मग सरकारी योजना? 2012 ची राजीव गांधी जीवनदायी योजना 2017 मध्ये महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने झाली. 2023 मध्ये सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी पाच लाखांच्या संरक्षणाचा निर्णय झाला. नाव आपल्या महात्म्याचे आहे, पण रचना रुग्णालयात भरती आणि ठरलेल्या उपचारांच्या यादीची आहे. रोजची गोळी, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्या यादीत कशी बसणार?

म्हणून कामाला लागू या. कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागा. दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. रुग्णाचे दिव्यांग प्रमाणपत्र काढा. सरकारी रक्तपेढीत या रुग्णांना रक्त मोफत आहे, कोणी पैसे मागितले तर पावती मागा. लग्नाआधी पत्रिका नको, रक्त तपासा. आणि ग्रामसभेत कलम 25 चा ठराव मांडा: रक्त चढवण्याची सोय आणि औषध आमच्या तालुक्यात हवे.

बाबासाहेबांनी 1947 मध्ये विमा भीक म्हणून मागितला नव्हता. नागरिकत्वाचा भाग म्हणून मागितला होता. पाचोडच्या मजुराच्या लेकरासाठी तीच मागणी आज पुन्हा करायची आहे.

जय भीम!