‘नॉनप्लस्ड’ : एक विशेषण, दोन विरुद्ध अर्थ

गोंधळाची अवस्था दर्शविणाऱ्या इंग्रजी विशेषणांमध्ये ‘नॉनप्लस्ड’ हा शब्द वृत्त-अनुवादकाला विशेष सावध राहण्यास भाग पाडतो. परदेशी वृत्तसंस्थांच्या बातम्यांत तो अधूनमधून आढळतो आणि त्याचा चुकीचा अर्थ घेतल्यास संबंधित व्यक्तीची प्रतिक्रिया नेमकी उलट होऊन वाचकापर्यंत पोहोचते.

लॅटिन भाषेत ‘नॉन प्लस’ म्हणजे ‘याहून अधिक नाही’. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत तो प्रथम नाम म्हणून रूढ झाला. ज्या स्थितीत पुढे काही बोलणे वा करणे शक्य उरत नाही, ती स्थिती त्याने सूचित होत असे. विशेषणाचा मूळ अर्थही हाच आहे. मराठीत ‘गोंधळलेला’ हा प्रतिशब्द चटकन सुचतो, परंतु तो अपुरा आहे. गोंधळलेला किंवा भांबावलेला मनुष्य निदान धडपडत असतो. येथे मात्र गती थांबलेली असते. म्हणून ‘किंकर्तव्यविमूढ’ हा शब्द अधिक जवळचा ठरतो, कारण ‘काय करावे’ हा प्रश्न त्याच्या घडणीतच आहे. बातमीच्या भाषेत तो जड वाटल्यास ‘मती कुंठित झाली’ किंवा प्रसंग प्रश्नोत्तरांचा असेल तर सरळ ‘निरुत्तर झाले’ असे लिहावे.

खरी अडचण अमेरिकी वापरात आहे. विसाव्या शतकात तेथे ‘नॉन’ हा नकारदर्शक उपसर्ग समजला जाऊन ‘विचलित न झालेला’ असा दुसरा अर्थ प्रचारात आला. मेरियम-वेबस्टर शब्दकोशाने तो प्रामुख्याने अमेरिकी वापर म्हणून नोंदविला आहे. अनेक भाषाप्रेमी त्यास अशुद्ध मानतात. पण लेखकाने तो वापरला असेल, तर अनुवादकाला त्याच्याशी वाद घालून चालत नाही.

‘अनपेक्षित प्रश्नाने मंत्री नॉनप्लस्ड झाले’ येथे ते निरुत्तर झाले, हे उघड आहे. ‘तीव्र टीका होऊनही ते नॉनप्लस्ड राहिले’ या वाक्यातील ‘होऊनही’ मात्र दुसऱ्या अर्थाकडे बोट दाखविते. नुसते ‘ते नॉनप्लस्ड दिसले’ एवढेच असेल, तर वाक्यावरून निर्णय होत नाही. अशा वेळी त्या व्यक्तीने पुढे काय केले, हे मूळ वृत्तात पाहावे. तेही नसेल, तर विशेषण गाळून केवळ घडलेली कृती सांगणे अधिक प्रामाणिक होय.

‘बेम्यूज्ड’ या शब्दाचीही गत काहीशी अशीच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘संभ्रमित’. पण ‘अम्यूज्ड’शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्यात गमतीची छटा मिसळू लागली आहे.